रॅमला पत्रा हवाच का?

चवथीच्या आधीच्या आठवड्यात डिचोलीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्या फोंड्याच्या दुकानात आले. मुलीला फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि तिला नवा कॉम्प्युटर जोडून हवा होता. कोणता प्रोसेसर, कोणता मदरबोर्ड, किती वॅटचा पॉवर सप्लाय, सगळं तिने वहीच्या पानावर व्यवस्थित लिहून आणलं होतं. अडलं ते फक्त रॅमपाशी, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीपाशी. मी काउंटरवर दोन जोड ठेवले. दोन्ही डीडीआर५ (डीडीआर जातीच्या रॅमची पाचवी पिढी), दोन्ही १६ जीबीच्या दोन पट्ट्या, दोन्हींचा वेग तोच. एक जोड साधा, उघड्या चिपांचा. दुसऱ्यावर काळा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि वर दिव्यांची रेघ. पत्र्याच्या जोडाला अठराशे रुपये जास्त पडत होते.

वडील पैसे मोजायला लागले होते. मुलीने विचारलं, "काका, पत्रा नसला तर रॅम तापून खराब होईल का?"

मी म्हटलं, "नाही होणार, बाय. साधी घे." पण प्रश्न चांगला होता आणि एका वाक्यात त्याचं पूर्ण उत्तर होत नाही. दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस हेच विचारतो. काहीजण तर विचारत नाहीत, पत्रा दिसला म्हणजे माल भारी असं धरून पैसे देऊन मोकळे होतात. म्हणून सगळं नीट लिहून काढतो आहे.

पहिला प्रश्न: रॅम मुळात तापते किती?

रॅमची एक पट्टी साध्या कामात दोन-तीन वॅट वीज खाते. सतत जोराचं काम असेल तर त्याहून थोडी जास्त. तेवढीच वीज उष्णता होऊन बाहेर पडते. अंदाज यावा म्हणून सांगतो: देवघरात पूर्वी जो झिरोचा बल्ब लावायचे, तो नावाला शून्य असला तरी प्रत्यक्षात दहा-पंधरा वॅट खायचा. रॅमची पट्टी त्याच्या पावपटीच्या आसपास. उलट साधा प्रोसेसर ६५ वॅटचा असतो आणि ती सगळी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनमधून निघते.

इथे वॅटपेक्षाही दाटी महत्त्वाची. प्रोसेसरची ६५ वॅट उष्णता दीडएक चौरस सेंटिमीटरमध्ये कोंबलेली असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चाळीसेक वॅट. रॅमच्या तीन वॅट आठ चिपांत वाटल्या जातात आणि प्रत्येक चिप पाऊण चौरस सेंटिमीटरहून थोडी मोठी. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा वॅट. प्रोसेसरमधली उष्णता रॅमच्या ऐंशीएक पट दाट आहे. प्रोसेसरवर तांब्याच्या नळ्यांचा भलामोठा कूलर का लागतो आणि रॅमवर का लागत नाही, याचं बरंचसं उत्तर या एका आकड्यात आहे.

आता पत्रा नेमकं काय करतो ते पाहू. इंग्रजीत त्याला हीट सिंक न म्हणता हीट स्प्रेडर म्हणतात, आणि हा फरक फार मोलाचा आहे. स्प्रेडर म्हणजे पसरवणारा. तो उष्णता नाहीशी करत नाही, एका जागची उचलून दुसरीकडे नेऊन पसरतो. पेजेचं उदाहरण घ्या. तांब्यात ओतलेली पेज अर्धा तास झाला तरी मधोमध कढत राहते. तीच ताटात पसरली की पाच मिनिटांत निवते. पसरल्यामुळे हवेला भिडणारा भाग वाढतो. पण जी पेज आधीच ताटात पसरलेली आहे, तिच्याखाली तेवढंच आणखी एक ताट ठेवलं तर ती लवकर निवेल का?

रॅमची साधी पट्टी ही अशी ताटात पसरलेली पेज आहे. प्रोसेसरने मेमरीकडे काही मागितलं की डीडीआर, डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ या सगळ्यांत पट्टीवरच्या आठही चिपा एकदम कामाला लागतात. एका खेपेला ६४ बिट (बिट म्हणजे एक किंवा शून्य) द्यायचे असतात, प्रत्येक चिप आठ-आठ बिट देते. डीडीआर५मध्ये पट्टीचे ३२ बिटांचे दोन भाग केले आहेत, पण त्या-त्या भागातल्या चिपा एकत्रच काम करतात. कुठलीही एक चिप एकटी राबत नाही, म्हणून एकटी तापतही नाही. त्यात चिपांची उष्णता फक्त वरच्या काळ्या आवरणातून जात नाही. ते आवरण इपॉक्सीचं, उष्णतेच्या बाबतीत मंदच. बराच भाग खालच्या बारीक सोल्डरच्या गोळ्यांतून हिरव्या बोर्डात उतरतो आणि त्या बोर्डाच्या पोटात तांब्याचे सहा-आठ थर असतात. म्हणजे पसरवायचं काम करणारा तांब्याचा पत्रा पट्टीत आधीपासून आहे. तो आपल्याला दिसत नाही एवढंच.

मग रॅमला पत्रा लावायची कल्पना आली कुठून? ती उगाच आली नाही. एका काळी त्याची खरोखरच गरज होती.

१९९९-२०००च्या सुमारास रॅम्बस कंपनीची आरडीरॅम नावाची मेमरी इंटेलने पुढे आणली. नोव्हेंबर २०००मध्ये पहिला पेंटियम ४ आला, तेव्हा त्याच्या जोडीला हीच मेमरी लागायची. तिची रचना निराळी होती. मेमरीची वाट ६४ बिट रुंद ठेवण्याऐवजी १६ बिटांची अरुंद केलेली आणि वेग खूप वाढवलेला. त्यामुळे मागणी आली की आठ चिपांनी मिळून उत्तर द्यायचं नाही, ज्या चिपेत ती माहिती असेल त्या एकट्या चिपेने सगळे १६ बिट द्यायचे. एक चिप घामाघूम, बाकीच्या शेजारी आरामात. अशा पट्टीवर उष्णता खरोखरच एका ठिपक्यावर साचायची, आणि ती बाकीच्या पट्टीवर पसरवायला धातूचा पत्रा हा अगदी योग्य उपाय होता. आरडीरॅमच्या पट्ट्या कारखान्यातूनच पत्र्यासकट यायच्या. (त्या मदरबोर्डांवर एखादी जागा रिकामी ठेवायचीही सोय नव्हती. रिकाम्या जागेत सर्किट पूर्ण करणारी नुसती पट्टी खोचावी लागायची. तसा एक मदरबोर्ड माझ्याकडे अजून आहे.)

आरडीरॅम महाग होती, थोड्या वर्षांत मागे पडली. पत्रा मात्र लोकांच्या डोळ्यांत बसला. वेगवान मेमरी म्हणजे पत्रा असलेली मेमरी ही ओळख पक्की झाली आणि पुढे साध्या डीडीआरवरही पत्रे चढू लागले.

दुसऱ्यांदा गरज पडली ती सर्व्हरमध्ये, २००६च्या आसपास. एफबी-डिम प्रकारच्या पट्टीच्या मधोमध एक जास्तीची बफर चिप असायची. ती एकटीच कित्येक वॅट खायची आणि चांगलीच तापायची. त्या काळच्या झिऑन सर्व्हरमध्ये आणि २००६च्या मॅक प्रोमध्ये या पट्ट्या जाड पत्र्यांसकट दिसतात. तिथेही कारण तेच: एका जागी साचलेली उष्णता.

आजचे सर्व्हर पाहा. मोठ्या बँकेच्या किंवा इस्पितळाच्या सर्व्हरमध्ये सोळा-सोळा, बत्तीस-बत्तीस पट्ट्या दाटीवाटीने बसलेल्या असतात, चोवीस तास, वर्षानुवर्षं. त्यातल्या बहुतेक पट्ट्या उघड्या असतात. मेमरीत एक बिट चुकलेलं ज्यांना परवडत नाही ते लोक पत्रा लावत नाहीत. ते पंखे लावतात आणि वारा पट्ट्यांच्या फटींतून नीट जाईल अशी प्लास्टिकची वाट बांधतात. मला स्वतःला या सगळ्या वादात हा सर्वांत वजनदार पुरावा वाटतो.

वाऱ्याने किती फरक पडतो हे कागदावर काढून बघता येतं. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा दाखवतो. रॅमची पट्टी १३३ मिलिमीटर लांब आणि साधारण ३१ मिलिमीटर उंच. दोन्ही बाजू धरल्या तर ८२ चौरस सेंटिमीटर. हवा अगदी स्थिर असेल तर एक चौरस मीटर पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा दर अंश जास्त तापल्यावर दहाएक वॅट उष्णता सोडतो. हे गणित मांडलं तर तीन वॅटची उघडी पट्टी आसपासच्या हवेपेक्षा ३६ अंश जास्त तापेल. आता कॅबिनेटच्या पुढे एक साधा पंखा लावून हलका वारा दिला, तर दहाच्या जागी पंचवीस वॅट धरता येतात. तीच उघडी पट्टी आता हवेपेक्षा फक्त पंधरा अंश जास्त.

आता पत्रा. पट्टीएवढ्याच उंचीचा सपाट पत्रा लावला तर पृष्ठभाग तेवढाच राहतो, म्हणजे आकडा जवळपास जिथल्या तिथे. उंच, ४५ मिलिमीटरचा पत्रा घेतला तर पृष्ठभाग १२० चौरस सेंटिमीटर होतो. स्थिर हवेत ३६चे २५ अंश होतात. वाऱ्यात १५चे १०. म्हणजे उंच पत्र्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण पंख्याने वीस अंश उतरतात तिथे पत्रा, आणि तोही उंच असला तर, वाऱ्यात चार-पाच अंश उतरवतो. दोन्ही बाजूंनी पट्टी झाकणारे जाड पत्रे चार जागांत चार लावले तर मधली फट जवळजवळ बुजते, वारा जायला वाटच राहत नाही. मदरबोर्डावर दोन पट्ट्यांमधलं अंतर असतं जेमतेम सेंटिमीटरभर.

यात एक गोष्ट मी उदारपणे धरली आहे: पत्रा चिपांना नीट चिकटलेला आहे. कंपनी चांगली असेल तर आत उष्णता वाहून नेणारं पॅड असतं. स्वस्तातल्या पत्र्याखाली मात्र मी नुसती फोमची दोन्हीकडून चिकटणारी पट्टी पाहिली आहे. फोम म्हणजे गोधडी. आत उष्णता कोंडायला त्याहून बरं काही नाही. शिवाय १६ जीबीच्या कितीतरी पट्ट्यांवर चिपा एकाच बाजूला असतात. दुसऱ्या बाजूचा पत्रा पॅडच्या आधारावर नुसता उभा असतो.

गोव्यातली गरमी आणि चिपेची गरमी

"पण काका, आपल्याकडे मे महिन्यात बघा ना," असं लगेच कोणीतरी म्हणतं. मे महिन्यात पणजीत दुपारी ३३-३४ अंश असतात. फोंड्याला, वाळपईला थोडे जास्त. जीव नकोसा होतो. पण तो नकोसा होतो दमटपणामुळे. हवेत ओल इतकी असते की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. चिपेला घाम येत नाही. तिच्या दृष्टीने ३४ अंश म्हणजे ३४ अंश, मग हवा दमट असो की कोरडी. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४४-४५ला जातो, तिथला कॉम्प्युटर आपल्यापेक्षा दहा अंश जास्त गरम हवेत चालतो. गरमीच्या बाबतीत आपला गोवा कॉम्प्युटरला सौम्यच आहे.

वरचे आकडे जोडून बघा. खोलीत ३४, बंद कॅबिनेटच्या आत आठेक अंश जास्त धरून ४२. पंखा नसलेल्या कॅबिनेटमध्ये तीन वॅटची उघडी पट्टी ७८ अंशांना जाईल, पंखा असेल तर ५७ला. आता चिपेला किती चालतं ते पाहू.

मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने डीरॅम चिपेच्या (रॅमच्या पट्टीवर असतात त्याच या चिपा) आवरणाचं तापमान ८५ अंशांपर्यंत साधारण कामाचं मानलं आहे. त्यापुढे ९५ अंशांपर्यंतही ती चालवता येते, पण एका अटीवर. ती अट समजून घ्यायला मेमरीच्या पोटात डोकवावं लागेल, आणि मला तर हा भाग सर्वांत आवडतो.

डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आणि त्याच्या तोंडाशी एक ट्रान्झिस्टर (उघडझाप करणारा स्विच). आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्डला १९६६ साली ही रचना सुचली. पुढे १९७०मध्ये इंटेलने १ किलोबिटची ११०३ नावाची डीरॅम चिप बाजारात आणली. आज एका पट्टीत असे अब्जावधी कपॅसिटर असतात. कपॅसिटर भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. पण तो मातीच्या माठासारखा पाझरतो. भरून ठेवलेली वीज हळूहळू गळून जाते आणि थोड्या वेळाने एक होता की शून्य हे सांगता येईनासं होतं. म्हणून मेमरी स्वतःची माहिती पुन्हा पुन्हा वाचते आणि पुन्हा भरून ठेवते. याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर४मध्ये ६४ मिलिसेकंदांत सगळ्या मेमरीची एक फेरी पूर्ण व्हावी लागते. त्या फेरीचे ८१९२ तुकडे केलेले असतात, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक तुकडा. डीडीआर५मध्ये फेरीची वेळ ३२ मिलिसेकंदांवर आली आहे. तुम्ही चहा प्यायला उठलात तरी हे काम एक क्षणही थांबत नाही.

उष्णता वाढली की पाझर वाढतो. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना माहिती टिकण्याचा काळ निम्म्यावर येतो. म्हणूनच जेडेकची ती अट: ८५ अंशांच्या वर गेलात तर रिफ्रेश दुप्पट वेगाने करा. तापमान आणि पाझर यांचं नातं किती घट्ट आहे ते २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी उलट बाजूने दाखवलं. धूळ उडवायच्या फवाऱ्याचा डबा उलटा धरून त्यांनी चालू कॉम्प्युटरच्या मेमरी चिपा उणे ५० अंशांपर्यंत गोठवल्या आणि वीज तोडली. दहा मिनिटांनंतरही जवळजवळ सगळी माहिती चिपेत शाबूत होती. माठ गोठवला, पाझर थांबला. कॉम्प्युटर बंद केला की मेमरीतले पासवर्ड लगेच पुसले जातात, हा समज त्या प्रयोगाने मोडीत काढला.

तर चिप तापली की ती लगेच जळत नाही. त्याआधी ती विसराळू होते. तापलेल्या रॅमचं लक्षण धूर किंवा वास नाही. मध्येच निळा पडदा, फाइल उघडताना खराब निघणं, खेळता खेळता प्रोग्रॅम बंद पडणं, ही तिची लक्षणं. आणि मंजूर व्होल्टेजवर, मंजूर वेगाने चालणाऱ्या मेमरीला ठरलेला रिफ्रेश ८५ अंशांपर्यंत पुरतो. आपला पंखा नसलेला, मे महिन्यातला, बंद कॅबिनेटमधला ७८चा आकडाही त्याच्या आत आहे. लॅपटॉपमधल्या छोट्या पट्ट्या कीबोर्डाखाली अंगाला अंग लावून बसलेल्या असतात, त्यांना ना पत्रा ना स्वतःचा पंखा, आणि त्या वर्षानुवर्षं चालतात.

मग पत्र्याची गरज कधी लागते? मेमरीला तिच्या मूळ मापाबाहेर पळवायचं ठरवलं तर. डीडीआर५चं मूळ व्होल्टेज १.१ आहे. जास्त वेगाच्या पट्ट्या एक्सएमपी किंवा एक्स्पो ही वेग वाढवायची सेटिंग चालू केल्यावर १.३५, कधी १.४ व्होल्टवर चालतात. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.१चे १.३५ केले म्हणजे व्होल्टेज २३ टक्के वाढलं, पण उष्णता त्याच वेगालाही ५० टक्क्यांनी वाढली. वेग वाढवला त्याची उष्णता आणखी वेगळी. तीन वॅटची पट्टी सहज पाच वॅटच्या घरात जाते. मघाचा हिशेब पाच वॅटला लावा: स्थिर हवेत उघडी पट्टी हवेपेक्षा साठ अंश जास्त, म्हणजे शंभरीपार. इथे मी उंच पत्रा नको म्हणणार नाही. पण वारा आधी. वाऱ्यात तीच पट्टी ६५-६६ अंशांवर राहते.

काही हौशी मंडळी वेग काढण्यासाठी रिफ्रेशच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर मुद्दाम वाढवतात. म्हणजे माठात पाणी भरणाऱ्याला कमी वेळा बोलवायचं. असं केलं की पाझरासाठी ठेवलेली सगळी मोकळीक आपणच खाऊन टाकतो, आणि मग ५० अंशांनाही चुका दिसायला लागतात. अशांना प्रत्येक अंश मोलाचा असतो आणि ते पट्ट्यांवर वेगळा छोटा पंखा बांधतात तेव्हा ते बरोबर करतात.

डीडीआर५मध्ये आणखी एक बदल झाला आणि तो या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. आधी व्होल्टेज सांभाळायचं काम मदरबोर्डावर व्हायचं. आता पट्टीच्या मधोमध पीएमआयसी नावाची छोटी चिप बसवली आहे, ती ५ व्होल्ट घेऊन मेमरीला हवं तेवढं व्होल्टेज बनवते. हे करताना ती थोडी तापते. म्हणजे बऱ्याच वर्षांनी पट्टीवर पुन्हा एक तापणारा ठिपका आला, आरडीरॅमच्या काळासारखा, पण खूप सौम्य. पत्रा त्या चिपेला नीट टेकत असेल तर तिची उष्णता पसरवतो. त्याच पत्र्यातून थोडी उष्णता शेजारच्या मेमरी चिपांनाही पोचते, हेही खरं. मूळ वेगाने चालणाऱ्या पट्टीला याची काळजी करायचं कारण नाही.

पत्र्याचे इतर गुण-दोष थोडक्यात. पट्टी हाताळताना चिपांना धक्का लागत नाही, हा खरा फायदा. दिसायला छान, काचेच्या कॅबिनेटमध्ये तर शोभतो. ज्याला ते आवडतं त्याने आवडीसाठी जरूर घ्यावा. उंच पत्रा मोठ्या एअर कूलरच्या पंख्याखाली बसत नाही, हा नेहमीचा घोळ, घ्यायच्या आधी उंची मोजावी. आणि माझ्यासारख्या दुकानदाराला सर्वांत खुपणारी गोष्ट ही की पत्रा चिपा झाकतो. उघड्या पट्टीवर सॅमसंग, एसके हायनिक्स की मायक्रॉन हे भिंगाने वाचता येतं. पत्र्याखाली काय आहे ते बॉक्सवरच्या शब्दावरच मानायचं. म्हणून पत्रा ओढून काढून बघायला मात्र जाऊ नका: गोंद घट्ट असतो, पत्र्याबरोबर चिप बोर्डावरून उपटून येऊ शकते आणि वॉरंटीही जाते.

पत्र्यासाठी पैसे काढून ठेवले असतील तर कॉम्प्युटरमध्ये दोन जागा अशा आहेत जिथे ते सार्थकी लागतील. एक एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी वेगवान डिस्क. तिच्यावरची कंट्रोलर चिप छोटी, एकटी आणि मोठ्या फाइली कॉपी करताना इतकी तापते की स्वतःहून वेग कमी करते. दुसरी जागा ग्राफिक्स कार्ड. २०२०च्या आरटीएक्स ३०९०मध्ये मेमरीच्या चोवीस चिपा होत्या, त्यातल्या बारा बोर्डाच्या मागच्या बाजूला, आणि तिथली मेमरी शंभर अंशांच्या पुढेही जायची. अशा ठिकाणी पॅड आणि धातू यांना पर्याय नाही. मेमरी हा शब्द एकच, पण दाटी वेगळी.

आपल्याकडे रॅम खरोखर कशाने दगावते

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत रॅमची तक्रार असेल तर ती बहुतेक वेळा जुलै ते ऑक्टोबरमध्ये येते, एप्रिल-मेमध्ये नाही. चालू केला की पडदा काळा, नुसते बीप. पट्टी काढून पाहिली की खालच्या कडेच्या, खाचेत बसणाऱ्या सोनेरी पायांवर काळपट, कधी हिरवट थर. पायांवर सोन्याचा मुलामा असतो, पण तो फार पातळ. त्याला बारीक छिद्रं असतात, त्यातून ओल आणि खारट हवा खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोचते आणि तिथे गंज धरतो. कोलवा, कळंगूट, मोरजी अशा किनाऱ्यालगतच्या घरांतून आलेल्या मशीनमध्ये हे जास्त दिसतं. फोंड्याकडे मीठ कमी, पण तीन महिने घरात ओल इतकी की कपाटातल्या पादत्राणांनाही बुरशी येते.

या गंजाला पत्रा काहीच करू शकत नाही. पाय उघडेच असतात.

उपाय साधा आहे. मशीन बंद करून वायर काढायची, पट्टी हलकेच बाहेर काढायची, मऊ स्वच्छ खोडरबराने पाय एकाच दिशेने पुसायचे, रबराचा भुगा झटकायचा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने शेवटचा हात फिरवायचा. रबर जोराने घासू नका, सोन्याचा थर जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज येतो. वर्षातून एकदा, चवथ झाल्यावर, एवढं केलं तर पुरतं. पावसाळ्यात मशीन आठ-आठ दिवस बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालू राहिली की आतली उष्णता ओल बाहेर घालवते. म्हणजे त्या थोड्या गरमीचा आपल्याला उपयोगच होतो.

त्या मुलीने शेवटी साधा जोड घेतला. उरलेल्या अठराशेमधून कॅबिनेटच्या पुढच्या जाळीमागे दोन पंखे लावले आणि एसएसडीवर छोटा हीट सिंक. डीडीआर५च्या पट्टीत तापमान मोजणारा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तो वाचता येतो. तो कुठे दिसतो ते मी तिला दाखवलं. मेमरीतल्या चुका शोधणारा मेमटेस्ट प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून दिला आणि सांगितलं की कॅबिनेटची बाजू लावून, मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, एसी बंद असताना तो रात्रीपर्यंत चालू दे. एकही चूक आली तर पट्टी घेऊन ये. तिने वहीच्या त्याच पानावर खाली तारीख लिहून घेतली.